पाठीच्या आधी भिंत

नळदुरुस्तीवाल्या मिस्त्रींना सर्जनबाईंनी पाठीच्या ऑपरेशनचे दोन प्रकार समजावून सांगितले, आणि तेव्हापासून घरात कुणाला घास गोड लागेना. कंबरेतला एक मणका सरकला होता. औषधं झाली, व्यायाम झाले, तरी पायातली कळ हटत नव्हती. आता तो मणका खालच्या मणक्याला स्क्रूंनी पक्का जोडायचा, एवढं ठरलं होतं.

"आतली जोडणी दोन्हीत तीच," बाई म्हणाल्या होत्या. "फरक आत शिरण्याच्या वाटेचा. एकात मोठा छेद देऊन, स्नायू बाजूला करून सगळं डोळ्यांसमोर उघडायचं. दुसऱ्यात लहान छेदांतून नळ्या घालून पडद्यावर बघत काम करायचं. त्यात रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी जातो. पुढे वर्षभराने बघाल तर दोघांत फार फरक उरत नाही. तुम्हाला दोन्ही चालेल. विचार करून सोमवारी सांगा."

मिस्त्रींनी विचार केला, आणि तिथेच घोळ झाला.

"भोकातून काय डोंबल दिसतं?" ते घरी येऊन म्हणाले. "भिंत फोडल्याशिवाय पाइप कळत नाही. मोठा छेदच बरा."

"तुम्ही फोडलेल्या भिंती बघितल्यात मी," बायको म्हणाली. "पाठ तशी घेऊन फिरायचंय का?"

तिचा धाकटा भाऊ दुकानांत कॅमेरे बसवायचा. तो अर्थातच बहिणीच्या बाजूने. "दाजी, आता पडद्यावर बघून कामं होतात. तुमच्या छिन्नी-हातोड्याचे दिवस गेले."

मिस्त्री वाद घालत होते खरे, पण आतून त्यांची गाळण उडाली होती. निवड चुकली आणि पुन्हा सिंकखाली वाकताच आलं नाही, तर मिस्त्री कसले राहणार? हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या भिंतीला काही दिवस खाली ओल येत होती. मेहुण्याने तिच्याकडे बोट दाखवलं. "दाजी, हिच्यावरच होऊन जाऊ दे. मी छोटं भोक पाडून कॅमेऱ्याने गळती शोधतो. सापडली तर छोटा छेद, नाही तर मोठा."

मिस्त्रींनी कंबरेचा पट्टा आवळला, खुर्ची ओढून घेतली आणि परीक्षकासारखे बसले. पहिल्या भोकात वीट दिसली. दुसऱ्यातही वीटच. हळूहळू भिंतीची चाळणी झाली, आणि शेवटचं भोक तर आरपार गेलं.

"झालं समाधान?" मिस्त्री खुशीत म्हणाले. "आता घे छिन्नी. मी सांगतो तिथे फोड."

मेहुण्याने फोडलं. बायको तोंडाला पदर लावून बघत राहिली. कुत्रं आरामात झोपेल एवढं भगदाड पडलं, पाइप पूर्ण उघडा झाला, आणि तो खडखडीत कोरडा निघाला. मिस्त्रींचा चेहरा पडला.

"मग पाणी येतं कुठून?" मेहुण्याने आरपार भोकातून कॅमेरा पलीकडे सरकवला. मोबाइलच्या पडद्यावर लाल, लोंबतं काहीतरी दिसलं. त्यातून टपटप पाणी गळत होतं.

"अगं बाई," बायको ओरडली, "ही तर तुमची शेकायची पिशवी!"

रात्री कंबर शेकून झाली की मिस्त्री पिशवी पलीकडच्या झोपायच्या खोलीत याच भिंतीच्या खिळ्याला टांगायचे. टांगायचं भोक तळाशी, त्यामुळे तोंड खाली. सकाळी उठेपर्यंत ती जवळजवळ रिकामी झालेली असायची.

"सकाळी तू ओतून टाकतेस ना पाणी?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी? मला वाटलं तुम्हीच ओतता. म्हटलं, चला, माणूस सुधारला!"

जन्मभर लोकांच्या गळत्या बंद करणाऱ्या माणसाने स्वतःच्या पिशवीचं बूच नीट आवळलं नव्हतं. भोकही वाया गेलं आणि भगदाडही.

सोमवारी मिस्त्रींनी सर्जनबाईंना छेदाबद्दल विचारलंच नाही. "आधी हे सांगा, गळती नक्की तिथेच आहे ना?"

बाईंनी हसत फोटो पुन्हा उजेडावर लावले. वाकल्यावर मणका कुठे सरकतो, कुठली नस दबते, ती नस पायात नेमकी कुठे उतरते, सगळं दाखवलं. कळ बरोबर तिथेच होती.

"आणि तुमचा हात कशात जास्त बसलाय?"

"लहान छेदात."

"मग तेच करा," मिस्त्री म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी मोकळा श्वास घेतला.

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा त्यांनी भीत भीत पाय हलवला. कळ आली नाही. पुन्हा हलवला. नाहीच. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

सर्जनबाई तपासायला आल्या. सगळं व्यवस्थित झालंय, हाडं जुळेपर्यंत वाकायचं मात्र नाही, असं त्यांनी बजावलं. बायकोने हात जोडले, पण तिच्या मनात एक शंका होतीच.

"बाई, स्क्रू घट्ट आवळलेत ना? आमच्याकडे सैल राहायची खोड आहे."

"दोनदा तपासलेत," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

मिस्त्रींना हसू आवरेना. हसताना पाठीच्या टाक्यांत सणक आली, पण पायात काही आलं नाही. खात्री करून घ्यायला ते आणखी एकदा हसले.