माझ्या नोकरीला चौऱ्याण्णव टक्के धोका

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या नोकरीला कृत्रिम बुद्धिमत्तेचा किती धोका आहे, याचा तक्ता करायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी घरी छाती फुगवून सांगितलं, "लोकांच्या नोकऱ्यांचं भविष्य आता माझ्या हातात आहे!"

"आधी हातातली पिशवी खाली ठेवा," बायको म्हणाली. "दूध सांडतंय."

पद्धत अगदी सोपी होती. प्रत्येकाने दिवसभरातली कामं फॉर्मवर लिहायची. बसून करायची कामं जितकी जास्त, तितका धोका जास्त. अंगमेहनत जितकी जास्त, तितका कमी. चारशे फॉर्म मी आठवड्यात हातावेगळे केले. न्हाव्याला पाच टक्के, गवंड्याला चार! शेवटी गंमत म्हणून स्वतःचाही भरला. चौऱ्याण्णव टक्के!

आमच्या खात्यातल्या नव्वदच्या वरच्या जागा रद्द होणार, असं वरून पत्र आलं होतं. मी पुन्हा बेरीज केली. पंच्याण्णव!

माझ्या टेबलामागच्या बेसिनचा नळ बघायला आलेला प्लंबर नेमका तेव्हाच खांद्यावरून डोकावला. त्याला तीन टक्के होते.

"काळजी करू नका साहेब," तो म्हणाला. "आमच्याकडे पाना धरायला माणूस लागतोच!"

आणि वॉशर घेऊन येतो म्हणून जो गेला, तो गेलाच.

मला भयंकर झोंबलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि 'अंगमेहनतीची कामे' या रकान्यात ठोकून दिलं: नळ दुरुस्त करणे, कपाटे हलवणे, उंदीर पकडणे. धोका धाडकन अकरावर आला!

पण टायपिस्ट बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. "अहो, तुम्ही आणि उंदीर? मागच्या वेळी खुर्चीवर कोण चढलं होतं?"

"बाई, हळू बोला ना!"

"मग माझ्याही फॉर्मवर लिहा काहीतरी."

कागदोपत्री मी बाईंना शिडीवर चढून पंखे पुसायला लावलं. रोखपालांना जेवणाचा डबा उचलतानाही धाप लागते, त्यांना तिजोरी सरकवायला लावली. चार वाजेपर्यंत आमचं ऑफिस जिल्ह्यातलं सगळ्यात कष्टाचं ठिकाण झालं, दगडाच्या खाणीच्याही वर!

तक्ता वर गेला, आम्ही खुशीत. आठ दिवसांनी साहेब धावत आले. "वरच्या मॅडम येताहेत! खाणीपेक्षा कष्टाचं ऑफिस त्यांना डोळ्यांनी बघायचंय!"

मॅडम आल्या त्या दोन नवे कोरे कॉम्प्युटर घेऊन. ते माझ्या टेबलावर मांडून झाले, आणि मॅडम माझा फॉर्म हातात धरून समोर उभ्या राहिल्या.

"नळ दुरुस्त करता ना तुम्ही? हा मागचा ठिबकतोय."

"आत्ता, मॅडम?"

"आत्ताच."

बाईंनी शिडीकडे बघून डोळे मिटले. रोखपाल तिजोरीमागे दिसेनासे झाले. मी पाना घेतला. डावीकडे पिळायचं की उजवीकडे? पण प्रश्न नोकरीचा होता! होता नव्हता तो जोर लावला आणि नळ माझ्या हातात आला!

पाणी थेट छताला लागलं! बाई खुर्चीवर चढल्या. "बंद करा! बंद करा!" साहेब ओरडले. मी भोकावर अंगठा दाबला, तशी धार वळली आणि आधी मॅडमवर, मग दोन्ही कॉम्प्युटरवर गेली. फट्! सगळ्या ऑफिसची वीज गेली.

मॅडम नखशिखांत निथळत होत्या. त्यांनी पेन मागितलं. संपली नोकरी, असं म्हणत मी घरी काय सांगायचं ते जुळवू लागलो. मॅडमनी ओल्या फॉर्मवर शेरा लिहून तो माझ्या हातात दिला.

'यंत्रांकडून या कर्मचाऱ्याला धोका: शून्य टक्के. या कर्मचाऱ्याकडून यंत्रांना धोका: शंभर टक्के.'

नोकरी वाचली हो! फक्त माझं टेबल आता जिन्याखाली आहे, आणि कॅल्क्युलेटर हवा असेल तर बाईंकडे अर्ज करावा लागतो.