कोकिळेच्या मेंदूची प्रतवारी

मुलीचं तोंड पाहायच्या आधी तिचा मेंदू पाहू नये, ही माणसांची साधी रीत आहे. आर्वीच्या किसनरावांनी ती मोडली. मुलासाठी मुलगी पाहायला ते नाचणगावला आमच्या घरी आले. माझी नात कोकिळा चहाचा ट्रे घेऊन बैठकीत आली, तर हा माणूस तिच्याकडे पाठ करून अंगणात उभा. हातात तिच्या मेंदूची फिलम, तोंड उन्हाकडे, एक डोळा मिटलेला. ट्रे धरून पोरीचे हात भरून आले.

मी म्हटलं, "किसनराव, पोरगी इकडं आहे."

ते म्हणाले, "थांबा आनंदाबाई, आधी माल पाहू द्या."

तरी मी किसनरावांना दोष देत नाही. (देते. पण शेवटी देईन.) दोष विज्ञानाचाही नाही, कारण विज्ञान आमच्या घरचंच आहे. डोमाजी माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदूचा डॉक्टर, आणि वरून संशोधक. डॉक्टरला रोगी बरा झाला की समाधान होतं. संशोधकाला तेव्हा खरी काळजी लागते, की हा बरा झालाच कसा.

सत्याऐंशी साली तो असाच एक प्रश्न घेऊन आमच्या गावात आला. मिरगी येणाऱ्यांच्या मेंदूत कधीकधी एक पांढरा ठिपका दिसतो, आणि काहींचा तो काही महिन्यांनी आपसूक नाहीसा होतो. का होतो? हे शोधायला त्याला मिरगीवाले पाहिजे होते, आणि तुलनेसाठी त्याच भागातलं पाणी पिणारे निरोगी लोकही. नागपूरच्या यंत्रात डोकं घातलं की ते डोक्याचे पातळ काप करून फोटो काढतं. (काप फोटोतच होतात. हे ग्रामपंचायतीसमोर पुन्हा पुन्हा सांगता सांगता डोमाजीचा घसा बसला.)

गावानं विज्ञानाला मनापासून सहकार्य केलं. निरोगी म्हणून अख्खं गाव पुढं आलं. मिरगीवाला मात्र एकही निघाला नाही. आमच्याकडे मिरगी कोणालाच नाही. काहींना चक्कर येते, काहींना वारं लागतं. एक जण तर डोमाजीच्या जीपपुढेच आडवा पडला, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. त्याला, त्याच्या बायकोच्या सांगण्याप्रमाणे, ऊन लागलं होतं. तेव्हा श्रावणाची झड चालू होती.

मी कोकिळेचं नाव स्वतः सांगितलं. तिला दोनदा मिरगी आली होती, त्यातली एकदा विहिरीच्या काठावर. मला कोणाची भीती? आमच्या घरचं भांडण असो की आजार, ओसरीवरच चालतो.

फिलमीत एक ठिपका निघाला, मसुरीच्या दाण्याएवढा. डोमाजी म्हणाला, "मावशी, गोळ्या रोज द्याच्या. एक दिवस चुकवाचा नाई. सहा महिन्यांनी परत पाहू."

इथवर सगळं विज्ञान होतं. पुढं गाव आलं.

ज्याची त्याची फिलम डोमाजीनं ज्याला त्याला भेट दिली. सरपंच बापूजींनी आपली फिलम काचेत मढवून पंचायतीच्या भिंतीवर लावली, म्हणजे जनतेला मेंदू केव्हाही पाहता यावा. यशोदाबाईंनी नवऱ्याची देव्हाऱ्यात ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. (नवरा हयात आहे. तो बाजूलाच जेवायला बसतो.) मीही कोकिळेची खिडकीत लावली, तर ती माझ्यावरच उखडली, "आजी, माह्यं डोकं रस्त्यावर काऊन टांगलं?"

मग लग्नसराई आली आणि मुलीच्या पत्रिकेसोबत फिलमीची मागणी सुरू झाली. आता फिलम वाचणार कोण? डॉक्टरला विचारून उपयोग नाही. तो सगळ्यांनाच बरं आहे म्हणतो, आणि सगळ्याच बऱ्या असल्या तर नाकारायची कोणाला? तेव्हा लोकांनी शांतपणे विचार केला. फिलमीत दिसतं काय? बोंडासारखं गोल, मधून फाकलेलं, आत पांढरं. आणि पांढऱ्यातलं आपल्या जिल्ह्यात कोणाला कळतं? अण्णाजींना. अण्णाजी जन्मभर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते.

अण्णाजींच्या पद्धतीत बोट ठेवायला जागा नाही. ते आधी फिलमीचा कोपरा चिमटीत धरून ओल पाहत. (फिलमीला ओल नसते. हे ते दर वेळी तपासून जाहीर करत.) मग उन्हात धरून एकच शब्द बोलत: सुपर, फेअर किंवा कवडी. डागी कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. गाडी कोणाची हे त्यांनी केंद्रावर कधी विचारलं नाही, आणि मेंदू कोणाचा हेही ते विचारत नसत. मुलींचे मेंदू जास्त करून फेअर निघाले. मुलांचे कसे निघाले ते कळलं नाही, कारण ग्रेड गाडीची होते, व्यापाऱ्याची होत नाही.

तर त्या दिवशी किसनरावांनी अण्णाजींना सोबत आणलं होतं. अण्णाजी म्हणाले, "माल लांब धाग्याचा आहे. पण हे पाहा, इथं कवडी आहे."

किसनराव म्हणाले, "पोरगी वाईट आहे असं मी नाई म्हणत. चालवून घेतलं असतं. पण एक कवडी सारा ढीग खराब करते. नवी फिलम आली म्हणजे पाहू."

सगळे उठले. पण त्यांचा मुलगा गुणवंत कपात चहा आहे असं दाखवत बसून राहिला. कप केव्हाचा रिकामा होता. कोकिळा आत गेली आणि दोन दिवस धड जेवली नाही. पोरीच्या मनात पोरगा भरला होता, आणि मधे तो मसुरीचा दाणा.

गोळ्या मी स्वतः समोर बसून दिल्या. पुलगावच्या दुकानात त्या संपल्या, तर गुणवंत आर्वीहून यष्टीनं घेऊन आला. "इकडं काम होतं," म्हणाला. काय काम होतं ते मी विचारलं नाही. मी कडक आहे, आंधळी नाही.

मिरगी परत आली नाही. थंडीत दुसरी फिलम निघाली. डोमाजी, एवढा शिकलेला माणूस, ती डोक्यावर धरून माझ्या ओसरीत नाचला. "गेला, मावशी, गेला!" शेजारच्या प्रमिलाबाई पदर सावरत रडतच आल्या, कोण गेलं म्हणून. मग त्याही नाचल्या.

बातमी आर्वीला पोचली. डोमाजी गावातून निघायच्या आतच किसनराव पेढे आणि अण्णाजी असे दोन्ही घेऊन हजर झाले. या वेळी थैलीत त्यांची स्वतःचीही फिलम होती. घराण्याचा मेंदू कसा असतो ते जगाला कळावं म्हणून तेही मधल्या काळात निरोग्यांत नाव देऊन यंत्रात जाऊन आले होते. तेव्हा डोमाजी त्यांना काहीतरी समजावून सांगत होता, पण "काळजी करू नका" एवढं ऐकून ते डोक्यावर टोपी चढवून निघून आले होते.

मी म्हटलं, "आणा, दोन्ही संगंच पाहू." पेढ्यांच्या पुड्याचा कागद फाडून मी दोन्ही फिलमींवरची नावं झाकली.

अण्णाजींनी ओल पाहिली. नव्हती. पहिली उन्हात धरली. "सुपर! अशी गाडी या हंगामात आली नाई."

किसनरावांनी हात जोडले. "घराणंच तसं आहे."

दुसरी धरली. "कवडी. जुनी, वाळलेली. परत न्या."

"पाह्यलं, आनंदाबाई?" किसनराव म्हणाले. "गोळ्यांनी कुठं जाते का ते?"

मी कागद काढले.

किसनरावांनी आपलं नाव वाचलं. मग लांब धरून वाचलं. अण्णाजींनी पाणी मागितलं.

"पण मले तर आजवर साधी चक्कर नाई आली!"

"तेच सांगत होतो, काका," डोमाजी म्हणाला. "ठिपका जुना आहे, काही करत नाई, अन् जाणारही नाई. निरोगी लोकांतही असे ठिपके निघून राह्यले."

डोमाजीच्या संशोधनातलं मला समजलं ते इतकंच. निरोग्यांच्या रांगेतही ठिपकेवाले उभे असतात, आणि सगळ्यात ताठ तेच उभे असतात. वाचणाऱ्यांनी किसनरावांना खुशाल हसावं. फक्त हसताना डोकं उन्हात धरू नये.

मी कोकिळेला आत जाऊन विचारलं. ती म्हणाली, "आजी, मले गुणवंतासंगं राहाचं आहे, त्याच्या बापाच्या डोक्यासंगं नाई." आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. या वेळी किसनराव तिच्या तोंडाकडे पाहत होते. दुसरीकडे पाहायला त्यांना जागाच नव्हती.

मी त्यांच्या हातात कप दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "किसनराव, पोरगा आम्हाले पसंत आहे. बापाच्या डोक्यात कवडी निघाली, अन् डोमा म्हणते, ते आता जात नाई. पण पोरगी वाईट नाई म्हणाले होते तुम्ही, तसे तुम्हीही काई वाईट नाई. चालवून घेऊ."