सांबराची सात जोड शिंगं आणि एक पाळणा

सरकून बसा, मुलांनो. मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे, आणि मला काही मोठ्यानं बोलता येत नाही.

एका जंगलात नदीच्या वळणावर एक मोठा कातळ होता. कातळाला कपारी होत्या, एकावर एक, चार मजले. एकेका कपारीत एकेक बिऱ्हाड. या कातळाला सोसायटी म्हणायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. सगळ्यांनी म्हणजे टिटवीनं. ती सेक्रेटरी होती, कारण तिचा आवाज चारही मजल्यांवर जायचा.

कातळाच्या तळाशी एक लांबरुंद गुहा होती. ती सगळ्यांची. तिला गॅरेज म्हणत. जंगलात गाडी कुणाकडेच नव्हती, म्हणून तिथं बाकीचं सगळं होतं.

सोसायटीचे अध्यक्ष सांबरसाहेब. सांबराची शिंगं गळतात आणि नवी येतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. साहेबांनी गळलेलं एकही शिंग टाकलं नव्हतं. सात जोड होते. मोरगुरुजींची झडलेली पिसं होती, गठ्ठे बांधून. धामणमावशी कात टाकली की तिची घडी घालून खाली आणून ठेवायची. म्हणायची, "असू दे. सणावाराला लागेल." एका कोनाड्यात टिटवीच्या पहिल्या अंड्यांची टरफलं होती. त्यातली पिल्लं उडून गेली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि ती परत काही आली नव्हती.

यातलं काहीच कधी कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं. पण टाकवतही नव्हतं. तुमच्या घरी माळा असेल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात खालच्या कपारीत सोनबा साळिंदर राहायचा. म्हातारा, हळू बोलणारा, हळू चालणारा. हाताला सुतारकामाची सवय. जवळ एक करवत, एक रंधा आणि एक पटाशी. लाकडावर रेघ ओढायला अंगावरचाच एक काटा उपटायचा.

कातळावरच्या सगळ्या पोरांचे पाळणे सोनबानं केले होते. फक्त त्याचा स्वतःचा मुलगा सुपात वाढला. कारण पाळणा तयार झाला की कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "सोनबा, आमचं बाळ तुझ्याआधी आलं रे." सोनबा पाळणा देऊन टाकायचा. असं तीनदा झालं. तोवर मुलगा सुपात मावेना आणि पाळण्याच्या वयाचाही राहिला नाही.

त्याची बायको भागा हे विसरली नव्हती. आता सुनेचे दिवस भरत आले होते.

"या खेपेला माझं नातवंड सुपात निजवायचं नाही," भागा म्हणाली. "बाराव्या दिवशी बारसं. तेव्हा पाळणा दारात पाहिजे. नाहीतर मी स्वतः सुपात जाऊन बसते."

"सुपात तू मावायची नाहीस," सोनबा म्हणाला.

"तोंड चालवू नका. रंधा चालवा."

सोनबानं शिवणीचं लाकूड आणलं. हलकं, गोऱ्या रंगाचं, पाळण्याला चांगलं. पण कपार अरुंद. फळी आत घेतली तर फिरेना, फिरवली तर भागाच्या पाठीत बसायची. भुसा उडून पिठात पडायचा. दोन दिवस घरात सगळ्यांनी शिवणीची भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सोनबा टिटवीकडे गेला.

"टिटवीबाई, गॅरेजातली अडगळ काढून मी तिथं बसून सुतारकाम केलं तर चालेल का? पाळणा व्हायचाय."

"आवाज होईल!" टिटवी इतक्या मोठ्यानं ओरडली की पलीकडच्या काठाला पाणी पीत असलेलं डुक्कर दचकून नदीत पडलं. "इथं शांतता लागते सगळ्यांना! अर्ज द्या! सभा घ्यावी लागेल!"

सभा झाली. सांबरसाहेब उंच दगडावर उभे राहिले.

"खाली जे पडलंय ते कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

आता ज्याचं असेल त्यानं ते उचलायचं होतं. म्हणून सगळे गप्प बसले.

"ती पिसं, गुरुजी?" सोनबानं विचारलं.

"छे, छे. असली विटकी पिसं माझी कशी असतील?" मोरगुरुजी म्हणाले.

"आणि त्या काती, मावशी?"

"मी एवढी जाड नव्हते कधी," धामणमावशी म्हणाली.

सोनबानं शिंगांचं विचारलंच नाही. अध्यक्षांना कसं विचारायचं? साहेब आपणच म्हणाले, "ती शिंगं आधीच्या अध्यक्षांची असावीत." आधीचे अध्यक्षही तेच होते.

"मग कुणाचंच नाही तर काढून टाका," साहेब म्हणाले. "कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. टिटवीनं तसं चार वेळा ओरडून जाहीर केलं.

सोनबानं अडगळ उचलायला घेतली. घाई नाही, गडबड नाही. एकेक शिंग, एकेक गठ्ठा अंगणात आणून ठेवला. आठ दिवस लागले. नवव्या दिवशी भंगार नेणारा तरस आपला गाडा ओढत आला. त्यानं पहिलं शिंग उचललं मात्र, वरून साहेब धावत खाली आले.

"ठेव! ठेव ते खाली! माझ्या तरुणपणातलं शिंग आहे ते!"

"साहेब, तुम्ही म्हणालात आधीच्या अध्यक्षांचं," सोनबा म्हणाला.

"तरुणपणी मी अध्यक्ष नव्हतो का?"

मागोमाग धामणमावशी सळसळत आली आणि कातींवर पसरली. "अहो, ही माझ्या लग्नातली आहे!" मोरगुरुजींनी गठ्ठे मोजले आणि एक कमी आहे असं म्हणून तरसाकडे संशयानं पाहिलं. टिटवी टरफलांवर बसली. उबवायलाच बसली म्हणा ना.

तरस रिकामा गाडा घेऊन निघाला. जाताना सोनबाला म्हणाला, "आबा, या कातळावर मी तिसऱ्यांदा आलो. गाडा नेहमी हलकाच जातो. जाऊ दे, तेवढंच चालणं होतं."

सगळ्यांनी आपापलं सामान उचललं आणि आपापल्या घरी नेलं.

गॅरेज रिकामं झालं. भागानं ते झाडलं, सारवलं. वरच्या फटीतून उजेड यायचा तो आता थेट जमिनीपर्यंत पोचला. सोनबानं मधोमध एक सपाट दगड ठेवला, त्यावर फळी ठेवली, काट्यानं रेघ ओढली आणि दोन पावलं मागे सरून बघत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मागे सरायला जागा मिळाली होती. असा बराच वेळ उभा राहिला तो.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अरे वा! एवढी मोठी आहे होय ही?"

मोरगुरुजी होते. त्यांनी पिसारा उघडला. दोन्ही भिंतींना कुठंच लागला नाही.

मुलांनो, इतकी वर्षं ती गुहा तिथंच होती. पण ती आहे हे कुणाला दिसलं नव्हतं. आता सगळ्यांना दिसली. गुरुजींना तिथं नाचाचा वर्ग काढायचा होता. टिटवीला सेक्रेटरीची कचेरी हवी होती. धामणमावशीला फटीतल्या उन्हाखाली पडून राहायचं होतं, कारण तिच्या घरात आता काती होत्या आणि तिला जागा नव्हती. साहेब म्हणाले, अध्यक्षांकडे पाहुणे येतात, त्यांना उतरवायचं कुठं?

"पण सभेत ठरलं होतं," सोनबा म्हणाला.

"अडगळ काढायचं ठरलं होतं," टिटवी म्हणाली. "ती काढलीत. आभारी आहोत. पुढचं पुढच्या सभेत."

पुढच्या सभेत वाटणी झाली. सकाळी गुरुजी. ऊन फटीत येईल तेव्हा मावशी. मग टिटवी. मग साहेबांचे पाहुणे, येवोत न येवोत. सोनबाला दुपारचा थोडा वेळ मिळाला, टिटवी डुलकी काढते तेवढा, आणि तोसुद्धा आवाज न करण्याच्या अटीवर.

आवाज न करता करवत कशी चालवायची? सोनबानं ओढून पाहिली. हळू, आणखी हळू. तीन आठवड्यांत पाळण्याची एक बाजू झाली. नुसती एक बाजू.

आणि सून बाळंत झाली. मुलगी.

भागानं माळ्यावरून जुनं सूप काढलं, पुसलं आणि दारात उन्हाला ठेवलं.

सोनबानं ते पाहिलं. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला वाटलं. तो उठला आणि चौथ्या मजल्यावर चढून गेला. म्हाताऱ्याला तेवढ्यालाच अर्धी सकाळ लागली.

सांबरसाहेब आपल्याच दाराबाहेर उभे होते. आत चौदा शिंगं होती.

"साहेब, आत नाही बसलात?"

"हवा खातोय."

सोनबा थोडा वेळ त्यांच्याबरोबर हवा खात बसला. मग म्हणाला, "पाय दुखत असतील."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सोनबा, कुणाला सांगू नकोस. महिना झाला, मी उभ्यानं झोपतोय. काल रात्री जरा मान वळवली तर माझंच शिंग मला टोचलं."

"मग एखादा जोड खाली आणून ठेवा की. कोपऱ्यात. मी लक्ष ठेवीन."

"कुणाला दिसणार नाही ना?"

"दाराजवळ ठेवू. दाराजवळचं कुणी बघत नाही."

तिथून तो गुरुजींकडे गेला, मग मावशीकडे, मग टिटवीकडे. प्रत्येकाजवळ थोडा वेळ बसला. प्रत्येकाला एवढंच म्हणाला, "थोडंसंच आणा. कुणाला कळायचं नाही."

टिटवीनं मात्र विचारलं, "टरफलं फुटणार नाहीत ना?" पहिल्यांदाच ती हळू बोलली.

"आतल्या कोनाड्यात ठेवतो," सोनबा म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी थोडं थोडं सामान खाली आलं. जो तो दुसऱ्याची नजर चुकवून आणत होता. ढीग असला की त्यात आणखी टाकायला संकोच वाटत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी सगळंच आलं. सोनबानं ते नीट रचलं. दारापाशी शिंगं, त्यांच्यामागे पिसांचे गठ्ठे थेट छतापर्यंत, वरून काती टांगलेल्या. मध्ये एक साळिंदर आडवं होऊन जाईल एवढी वाट.

चौथ्या दिवशी गुरुजींनी पिसारा उघडला तो शिंगात अडकला. टिटवीला आपले अर्ज सापडेनात. मावशीच्या उन्हात तिचीच कात लोंबकळत होती.

"काय ही अडगळ!" गुरुजी ओरडले. "या सोसायटीत कुणाला शिस्त म्हणून नाही!"

"लोकांना समजतच नाही!" टिटवी म्हणाली.

"आधीच्या अध्यक्षांचं चुकलं," साहेब म्हणाले.

असं म्हणून सगळे निघून गेले. त्यानंतर तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

ढिगाच्या मागे सोनबाला जागा उरली होती एक पाळणा आणि एक म्हातारा मावेल एवढी. पुरे होती. साहेबांच्या शिंगाच्या बेचक्यात फळी घातली की हलायची नाही, असा शिकंजा त्याला जन्मात मिळाला नव्हता. पिसांच्या गठ्ठ्यांतून आवाज बाहेर जाईना. त्यानं करवत मोकळेपणी ओढली, रंधा मोकळेपणी मारला. टिटवी वर बसून, किती शांत वाटतंय हो अलीकडे, असं सगळ्यांना ओरडून सांगत होती.

अकराव्या दिवशी पाळणा झाला. वाट अरुंद, म्हणून त्यानं तो पुन्हा सुटा केला, एकेक बाजू आडवी करून बाहेर आणली आणि अंगणात खुंट्या ठोकून जोडला. भागानं बोट फिरवून कुठं लाकडाची कूस लागते का ते पाहिलं. लागली नाही. मग तिनं दारातलं सूप उचललं आणि तांदूळ पाखडायला घेतले, उद्याच्या जेवणाचे.

बारशाला सगळा कातळ आला. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं. ठकू नाव ठेवलं. ठकूनं एक जांभई दिली आणि पाळण्यात पाय ताणले. सुपात ते ताणता येत नाहीत. सोनबा दोरी धरून बसला होता आणि ती कुणाला देत नव्हता.

"सुरेख झालाय हो," सांबरसाहेब म्हणाले. "बघा, करणारा कुठंही करतो. उगाच जागा मागत बसला होतात."

"खरंय साहेब," सोनबा म्हणाला.

जेवणं झाली. साहेबांना पोटभर जेवल्यावर समाजाचं काही करावंसं वाटायचं. ते म्हणाले, "टिटवीबाई, पुढच्या सभेत विषय घ्या. गॅरेजातली सगळी अडगळ काढून टाकायची. कायमची. कुणाची हरकत?"

ढीग कुणाचाच नव्हता.

सोनबानं दोरी भागाच्या हातात दिली आणि हळूहळू उठून उभा राहिला.

"माझी आहे," तो म्हणाला.

तात्पर्य : स्वच्छता ठेवावी, असं तुम्हाला शाळेत शिकवतील, आणि ते बरोबरच आहे. आपलं घर आपण झाडावं. पण सगळ्यांच्या मालकीची जागा कुणी झाडायला निघाला, तर त्याला सांगा, बाबा, आतून झाड, दारातला ढीग तेवढा राहू दे. साफ केलेल्या जागेवर सगळ्यांचा हक्क असतो. अडगळीवर कुणाचाच नसतो, म्हणून तिच्याआड एखाद्याला काम करता येतं.