अडकलेली भाऊबीज

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध आचका देऊन थांबली, तेव्हा आत दोनच माणसं होती: एक लिफ्टचा मेकॅनिक आणि दुसरे सोसायटीचे सेक्रेटरी. मेकॅनिक आज कामावर नव्हता. कडक इस्त्रीचा सदरा घालून, बगलेत कुकरचं खोकं मारून तो तिसऱ्या मजल्यावर ताईकडे भाऊबीजेला निघाला होता. गेली तीन वर्षं ऐन ओवाळायच्या वेळी कुणाची ना कुणाची लिफ्ट अडकायची आणि भाऊराया तिकडे पळायचे. यंदा तर त्याने फोनच बंद करून ठेवला होता.

"काल ही दुरुस्त केली ती तुम्हीच ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो."

"दिसतंय!"

मेकॅनिकने सगळी बटणं दाबून पाहिली. मग फोन चालू करून एकेका सहकाऱ्याला लावला. एकानेही उचलला नाही. सगळे आपापल्या बहिणींकडे पाटावर बसले होते. शेवटी त्याने ताईलाच फोन लावला.

"यंदा कुणाच्या लिफ्टमध्ये?" ताईने पहिलाच प्रश्न केला.

"तुमच्याच."

ताई धावत बाहेर आली. जाळीच्या दारातून बघते तो भावाचं तोंड थेट तिच्या पावलांशी.

"मी सकाळपासून तुझ्यासाठी उपाशी आहे. थांब तिथेच, ताट आणते!"

"जातोय कुठे?"

पाट मांडून ताई स्वतःच त्यावर बसली. "बस खाली. उभ्या भावाला ओवाळतात का?"

तो बसला.

"अरे, गेलास कुठे?"

"बसलोय."

"मग दिसत नाहीस की! ऊठ, ऊठ!"

एव्हाना ताईने पिटाळलेले दाजी गच्चीवर लिफ्टच्या मशीनपाशी पोचले होते. मेकॅनिक फोनवरून ओरडून सांगत होता, "आधी मेन स्विच बंद करा! आता ब्रेक सोडा आणि चाक हळूच फिरवा, उजवीकडे!"

"माझ्या उजवीकडे की तुझ्या?"

उत्तराची वाट न बघता दाजींनी चाक फिरवलं. ताईने नेमकं त्याच क्षणी जाळीतून हात घालून भावाच्या कपाळावर बोट टेकवलं होतं. लिफ्ट वीतभर खाली गेली आणि कुंकवाची रेघ कपाळावरून थेट केसांत शिरली.

"अगं ताई, भांग भरलास की माझा!"

सेक्रेटरी फिसकन हसले. ते हसू शकतात हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनीच खिशातला रुमाल काढून मेकॅनिकच्या डोक्यावर ठेवला. जाळीबाहेर निरांजन गोल फिरलं, अक्षता पडल्या. त्यातल्या चार सेक्रेटरींच्या टकलावर पडल्या आणि तिथेच राहिल्या.

ताईचा हात थांबला. "काका, तुम्हाला ओवाळलं का कुणी?"

"मला कोण ओवाळणार? एक बहीण होती, ती गेली."

"मग पुढे सरका."

"अहो, परवाच मी तुम्हाला जिन्यातल्या पणत्यांबद्दल नोटीस…"

"नोटीस नंतर. आधी कपाळ!"

सेक्रेटरी चवड्यांवर उभे राहिले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले. ओवाळून झालं, तसे ते खिसे चाचपू लागले. निघाल्या फक्त किल्ल्या. "त्या पणत्या…" ते किल्ल्या परत खिशात टाकत म्हणाले, "राहू द्या जिन्यात. हीच ओवाळणी समजा."

ही बातमी जिन्यातून वर-खाली पसरायला कितीसा वेळ लागणार? दारं उघडली, निरांजनं पेटली. शेजारच्या मास्तरीणबाई आल्या, चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू आल्या. नोटीस मिळाली नाही अशी बाई त्या इमारतीत नव्हती, पण प्रत्येकीच्या हातात ताट होतं. मेकॅनिक कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. आता त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात गच्चीवर दाजींना आपली चूक उमगली. लिफ्ट कुरकुरत वर सरकली आणि बरोबर मजल्याला येऊन टेकली. मेकॅनिकने दार सरकवून बाहेर उडी मारली, ताईच्या पाया पडला आणि कुकर तिच्या हातात ठेवला. "चल, आधी दोन घास खाऊन घे, सकाळपासून उपाशी आहेस!"

सेक्रेटरी मात्र आतच.

"काका, या की बाहेर! सुटलात!"

"जरा थांबा हो," सेक्रेटरी कपाळावरच्या कुंकवाला धक्का न लावता घाम पुसत म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई ताट घेऊन निघाल्यात म्हणे. दाजींना सांगा, लिफ्ट मघाशी होती तिथे घ्या. असं समोरासमोर उभं राहून मला लाज वाटते."