राहूवाली पॉझिटिव्ह

ज्ञानूआबांच्या घरात राहूवाल्या दोन होत्या. एक सून रुपाली, तिचं माहेर राहू गावचं. दुसरी गाय, तीही राहूच्याच पाहुण्यांकडून घेतलेली. सारं मांडवगण दोघींना त्याच नावानं ओळखायचं आणि आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

परवा गाईच्या अंगावर गाठी दिसल्या. लंपीच्या शंकेनं डॉक्टरांनी तिचं रक्त पुण्याच्या लॅबला पाठवलं, तेव्हापासून आबांच्या घशाखाली घास उतरेना. गाईवर त्यांचा फार जीव. त्यात सकाळीच आशाताई प्रगतीचा फोन आला.

"गिताकाकू न्हाईत का? मग तुम्हालाच सांगते, आबा. तुमची राहूवाली पॉझिटिव्ह हाय."

आबा मटकन ओट्यावर बसले. "लई वाढलंय का गं?"

"छ्या, दुसराच महिना."

"आन् आम्हाला पत्ता न्हाई? आता काय करायचं?"

"जपायचं. आन् तीन महिनं कुणाला सांगू नका."

आबांचा पारा चढला. साथीचा रोग लपवायचा, आणि तोही आशाताईच्या सांगण्यावरून? त्यांनी गोठ्यात मच्छरदाणी बांधली, सुनेच्या खोलीतला टेबलफॅन उचलून गाईपुढं लावला आणि तडक देवळातला माइक हातात घेतला.

"मंडळी, आमची राहूवाली पॉझिटिव्ह हाय. आम्ही लपवनार न्हाई, तुम्हीबी लपवू नका. आपापल्या घरच्या तपासून घ्या."

घरी परततात तो अंगणात ही गर्दी. कुणी नारळ आणलेला, कुणी चिंचा. मुलगा हनुमंत शेतातून पळत आला होता आणि आता लाजून खांबाआड उभा होता. रुपाली तर पदरात तोंड खुपसून बसलेली.

गिताबाई नवऱ्यावर कडाडल्या, "अवो, असली बातमी भोंग्यावरनं सांगत्यात व्हय?"

"मग काय रोग लपवायचा?"

"कसला रोग? नातवंड येतंय तुम्हाला."

आबांनी आधी सुनेकडं पाहिलं, मग गोठ्याकडं. तेवढ्यात गुरांच्या डॉक्टरांचा फोन. "आबा, गाय निगेटिव्ह. गाठी गोमाश्या चावल्याच्या आहेत." आबांना आनंद कुठं ठेवावा कळेना, हसता हसता डोळेच पुसायला लागले.

मग लगबगीनं गोठ्यात जाऊन त्यांनी टेबलफॅन आणला आणि सुनेपुढं ठेवला. नेहमीची हाक अगदी ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली. घसा खाकरला आणि तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले, "रुपाली, वाऱ्याला बस, पोरी."

गोठ्यातून राहूवाली जोरात हंबरली. तिचा पंखा गेला होता.