दोन ब्रूनो, एक डबा

"जावईबापू, हा माझ्याकडे असा का बघतोय?" पिंजऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला.

गावाला जाणारे लोक आपली कुत्री सासूबाईंच्या पाळणाघरात ठेवून जात. जेवण वाढायला मशीन होतं आणि ते चालवणारी स्क्रिप्ट बेकार जावयाने लिहिली होती. "नीट चाललं तर ऑफिसची केबिन तुमची," सासूबाईंनी शब्द दिला होता.

बायको प्रोग्रॅमर. तिने बजावलं होतं, "प्रत्येक नावाचा वेगळा व्हेरिएबल बनवू नकोस रे. एकच तक्ता ठेव, पिंजऱ्याच्या नंबराने." पण साहेबांना अक्कल पाजळायची होती. कुत्र्याचं नाव टाकलं, की स्क्रिप्ट त्याच नावाचा व्हेरिएबल, म्हणजे एक डबा, आपोआप तयार करी आणि खुराकाचा आकडा त्यात ठेवी.

आज दुसरा ब्रूनो आला. पहिला वासराएवढा, हा पिशवीत मावणारा. नाव एक, म्हणून डबाही एक. धाकट्याच्या आकड्याने थोरल्याचा आकडा पुसला. थोरल्याच्या भांड्यातही मूठभरच पडलं. ते त्याने एका घासात संपवलं आणि तो दाराला पाठ लावून बसला. त्याचे केस विंचरायला गेलेल्या सासूबाई आतच.

"आई, हलू नका!" जावयाने ब्रूनोचा आकडा वाढवला. दोन्ही भांड्यांत धो धो पडायला लागलं.

"अहो, शेजारचं पिल्लू गाडलं गेलं!"

त्याने आकडा कमी केला. दोन्हीकडचं थांबलं. थोरला गुरगुरला.

जावई घामाघूम. दोघांचे डबे वेगळे करायला त्याने स्क्रिप्टमध्ये 'ब्रूनो' शोधलं, तर एकदाही सापडेना. सापडेल कसं? ते नाव कुठे लिहिलेलंच नव्हतं, स्क्रिप्ट चालता चालता तयार होत होतं. आता मात्र त्याची पाचावर धारण बसली. त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, तुझी आई..."

"तक्ता केलास?"

"नाही."

"मग सांगते तसं टाइप कर. मध्ये डोकं चालवू नकोस."

"जावईबापू, ह्याने माझी बाही तोंडात धरलीये!"

त्याने टाइप केलं. पिंजरा एक, भरपूर. पिंजरा दोन, मूठभर. मशीन खडखडलं. थोरला भांड्याकडे धावला, सासूबाई दाराकडे.

फाटकी बाही सावरत त्या कॉम्प्युटरपाशी आल्या. जावयाची नजर वर होईना. त्यांनी तक्ता शांतपणे वाचला.

"आता कसं सोपं झालं," त्या म्हणाल्या. "पाच नंबर रिकामा आहे ना? लिहा तिथे, जावई. मूठभर."