बाळाभाऊंची जहाजं

बाळाभाऊ कोणतीही वस्तू आधी वाजवून पाहत. भांडी वाजवत त्याचं काही नाही. इतवारीत भांडे ओळीत पितळेचं दुकान होतं त्यांचं, धंदाच तो. पण मी हप्त्यावर नवी स्कूटर घेतली, शेजारीपाजारी पेढे मागत होते आणि हा गृहस्थ उकिडवा बसून तिचं मडगार्ड ठोकत होता!

"मोडीत काय येईन, मास्तर?"

"अहो, आज घेतली मी!"

"थेच तं. घ्यायच्या दिवशीच इचारा लागते. मोडीच्या भावाजवळ भेटली तं वस्तू सस्ती. बाकी सारी पॉलिश हाय."

माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी रुखवतातली समई वाजवली आणि भर मांडवात निकाल दिला, "पोकळ हाय." सासरची माणसं तिथेच उभी होती. ते प्रकरण निस्तरता निस्तरता माझ्या नाकीनऊ आले.

अशा माणसानं जहाजं घेतली! म्हणजे शेअर हो, मुंबईच्या एका जहाज कंपनीचे. बाळाभाऊंनी समुद्र पाहिलेला नव्हता. अंबाझरी तलावापलीकडे त्यांचा पाण्याशी संबंध नाही. कंपनीला वाईट दिवस आले होते, लोक मिळेल त्या भावात शेअर फुंकत होते आणि हे गाठीची पुंजी घालून घेत होते. कंपनीचा वार्षिक अहवाल इंग्रजीत, म्हणून तो घेऊन माझ्याकडे आले. मी ऐटीत वाचलं, अमुक जहाज, इतके हजार टन.

"थांब गा. हे वजन जहाजाचं का मालाचं?"

मी पुन्हा वाचलं. त्यात माल किती मावतो तेवढंच दिलं होतं.

"घागरीत पाणी किती मावते ते नको सांगू मले. घागर किती वजनाची ते सांग."

झालं! मग माझ्याकडून कंपनीला इंग्रजी पत्रं. शेवटी तिथल्या कोणा कंटाळलेल्या साहेबानं प्रत्येक रिकाम्या जहाजाचं वजन कळवलं, तेव्हा माझी सुटका झाली. बाळाभाऊंनी लोखंडाचा भाव लावला. रंग, लाकूड, गंज यांची घट कापली, जुन्या भांड्याची कापतात तशीच. बँकेचं कर्ज वजा केलं. जहाजाचा पाण्यातला पंखा पितळेच्या जातीचा असतो हे कळल्यावर तर गडी असा खुलला, की त्याचा हिशेब त्यांनी वेगळा मांडला. सारं शेअरांत वाटलं तेव्हा निघालं असं, की सगळी जहाजं आज मोडीत काढली तरी शेअरला बाजारभावाच्या दुपटीहून जास्त यावेत.

"अन् तरंगली तं भाडं फुकट!" ते म्हणाले.

ओळीतले लोक त्यांना 'कप्तान' म्हणू लागले. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच वर्षी गाळ्याच्या मालकानं निरोप धाडला, दिवाळीपर्यंत गाळा विकत घ्या, नाहीतर खाली करा. बाळाभाऊंजवळ त्या शेअरांखेरीज काही नव्हतं आणि शेअर तर जागचा हलत नव्हता. मी समजावलं, "जाऊ द्या ना. पितळ कोण घेतं आता? सारं गाव स्टीलच्या मागे लागलंय. वहिनी गेल्या, मूलबाळ नाही. कळमन्याकडे लहानशी जागा बघा."

"दुकान हलन नाई."

"अहो, पण काहून?"

"नाई म्हन्तो न गा!" बाळाभाऊ माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. गणपती गेले, नवरात्र बसलं. माणूस वाळत चालला होता. येताजाता काही वाजवेनासा झाला, तेव्हा मात्र माझं काळीज हललं.

आणि दसऱ्याच्या तोंडावर बातमी आली. लोखंडाचा भाव वधारला होता आणि कंपनीनं आपली दोन सर्वांत जुनी जहाजं, 'चंद्रकला' आणि 'इंदुमती', तोडायला विकली होती. शेअर उसळला तो जवळजवळ बाळाभाऊंच्या आकड्याला जाऊन टेकला. त्यांनी सगळे विकले आणि गाळा घेतला. कप्तान म्हणणारे आता सल्ला विचारायला रांगेनं उभे. वा रे वा बाळाभाऊ, मानलं बुवा तुम्हाला!

मी पेढे वसूल करायला गेलो, तर हे गल्ल्यावर तोंड पाडून बसलेले.

"आता काय झालं?"

"नावं घातलेली होती गा मास्तर, दोघींवर."

मला काही उमगेना. ते उठले आणि मला शिडीनं माळ्यावर घेऊन गेले. तिथे भिंतभर घागरी, पाण्याचे गुंड, पराती, तांबे. सगळे जुने, सगळे चिंचेनं लख्ख घासलेले, आणि प्रत्येकावर ठिपक्यांच्या अक्षरांत बाईचं नाव. माहेराहून आलेली भांडी. कोणाचा नवरा आजारी पडला, कोणाचा हातमाग बंद झाला, म्हणून मोडीत घातलेली.

"ही तुम्ही वितळवायला दिलीच नाहीत?"

"नाव घातलेलं कसं देऊ? येतात न कधी कधी. उमरेडची एक बाई मागच्या साली आली, मायची घागर घेऊन गेली."

"आणि भाव?"

"दिला होता थोच घेतला. पॉलिश फुकट." मग एक घागर सरळ करत म्हणाले, "दुकान हललं असतं तं बाईनं कोणाले इचारावं गा?"

या माळ्यासाठी माणूस दसऱ्यापर्यंत झुरला होता आणि मी त्याला कळमना दाखवत होतो.

उतरताना रांगेच्या टोकाला दोन नवेकोरे लोटे दिसले. अक्षरं ताजी होती. एकावर 'चंद्रकला', दुसऱ्यावर 'इंदुमती'.

मी हसणार होतो. पण बाळाभाऊ खाली मान घालून म्हणाले, "त्याईच्यानं दुकान राहिलं. त्याईचं बी काई राहाले पायजे न?"

त्यांनी दोन्ही लोटे धोतराच्या सोग्यानं पुसले आणि न वाजवता जागेवर ठेवले.